रिकामा रस्ता, भरलेला मंडप

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले की पाहणाऱ्यांच्या तोंडून एक उद्गार हमखास निघतो: काय शांत शहर होतं हे! रुंद रस्ता, दुतर्फा घरे, लांबवर एखादी बैलगाडी, आणि माणूस जवळजवळ नाहीच. १८५० आणि १८६० च्या दशकांतल्या चित्रांत तर ही शांतता विशेषच जाणवते. त्या उद्गारात एक निष्कर्ष दडलेला असतो आणि तो आपण तपासून पाहत नाही. जे चित्रात दिसत नाही ते तेव्हा नव्हते, हा तो निष्कर्ष. आता १८६४ ची जनगणना पाहावी. त्या वर्षी मुंबईत ८ लाख १६ हजारांहून अधिक माणसे मोजली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि कोकणातून, देशावरून, गुजरातेतून माणसे बेटावर लोटत होती. तेजी ओसरल्यावर, १८७२ मध्ये, हाच आकडा ६ लाख ४४ हजारांवर आला. म्हणजे ज्या काळातली चित्रे आपल्याला निर्मनुष्य दिसतात, त्याच काळात शहर गर्दीने फुटत होते. चित्र आणि शिरगणती यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. चूक आपल्या वाचनात आहे, आणि ती ज्ञानाच्या स्वरूपाबद्दलची असल्याने या प्रश्नाला मी तत्त्वज्ञानाचा प्रश्न म्हणतो. एखादी वस्तू दिसली नाही, यावरून ती नव्हती असे केव्हा म्हणता येते? आपल्या दर्शनकारांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. गावोगावचा इतिहास जुन्या फोटोंतून सांगण्याची हौस वाढत असताना तो वाद उकरून काढायला हवा.

आधी ते रस्ते रिकामे कसे झाले ते पाहू. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे इथले लोक फार लवकर या विद्येत शिरले. पण विद्या अवघड होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्याच्या आत तंबूत नेऊन चित्र उमटवून घ्यायचे. भिंगाचे झाकण उघडे ठेवायचे ते काही सेकंद, कधी त्याहून अधिक. कागदी निगेटिव्हला तर मिनिटे लागत. एवढ्या वेळात जे हलले ते काचेवर टिकत नसे. घर हलत नाही, म्हणून घर आले. रस्त्याने चाललेला हमाल, पाण्याची घागर घेऊन निघालेली बाई, धावणारे पोर या साऱ्यांवरून निघालेला प्रकाश काचेपर्यंत पोचला, पण एका जागी साचला नाही, आणि मागच्या भिंतीच्या उजेडात ती माणसे विरून गेली. अशी चित्रे भिंग लावून पाहिली तर याच्या खुणा सापडतात. बैलगाडीची चाके आणि साटा रेखीव असतात, पण बैलाने मान हलवलेली असते, म्हणून तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा असतो. दुकानाच्या फळीवर बसलेला माणूस स्पष्ट दिसतो आणि त्याच्यासमोर काहीतरी फिकट, आरपार दिसणारे उभे असते. ते गिऱ्हाईक असावे. खुद्द दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या गजबजलेल्या हमरस्त्याचे जे चित्र घेतले, त्यातही सारी वाहने आणि पादचारी नाहीसे झाले. एका जागी थांबून जोडे पुसून घेणारा माणूस तेवढा उरला. १८८० नंतर कोरड्या, वेगवान काचा मिळू लागल्या आणि भारतातल्या चित्रांत गर्दी उगवली. हा बदल शहरात जितका झाला त्याहून कितीतरी जास्त काचेत झाला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तांत्रिक अडचण झाली, तिचा ज्ञानाच्या प्रश्नाशी काय संबंध? छायाचित्र म्हणजे प्रत्यक्षच की. चित्रकाराच्या मनातून ते येत नाही, वस्तूवरून परतलेल्या प्रकाशाने स्वतःच काढलेला तो ठसा आहे. आक्षेपाचा हा दुसरा भाग खराही आहे, आणि छायाचित्राची सगळी ताकद त्यातच आहे. पण प्रत्यक्षाची नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, अट इंद्रिय आणि अर्थ (वस्तू) यांच्या संनिकर्षाची, थेट संबंधाची आहे. १८६० मधल्या रस्त्याशी संनिकर्ष झाला तो काचेचा. आपल्या डोळ्यांचा संनिकर्ष होतो तो समोरच्या पिवळसर कागदाशी. त्या कागदावरून रस्त्याकडे आपण जातो ते अनुमानाने, डोंगरावरचा धूर पाहून अग्नीकडे जावे तसे. धूर-अग्नीचा हा जुना दृष्टांत इथे अक्षरशः उपयोगी पडतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी आहे. पण जिथे अग्नी तिथे धूर, ही खरी नाही. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले इंधन लागते, आणि या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. छायाचित्रातही नेमके असेच घडते. काचेवर आकृती उमटली असेल तर तिथे कोणीतरी होते. मात्र जिथे कोणी होते तिथे आकृती उमटेलच, असे नाही. तिथली उपाधी आहे स्थिरता. जो थांबू शकला तो दिसला. आणि भर बाजारात, भर दुपारी थांबायला कोणाला सवड होती, हा प्रश्न विचारला की ही उपाधी निव्वळ भौतिक राहत नाही. दुकानाचा मालक बसलेला असतो, ओझे वाहणारा चालत असतो. एकाची मूर्ती उमटते, दुसऱ्याचा पट्टाही राहत नाही. छायाचित्रकाराच्या मनात कसलाही भेदभाव नसला तरी हे घडते, आणि म्हणून ते अधिक लक्षपूर्वक पाहायला हवे.

शिवाय आकृती उमटली असली तरी अनुमान नेहमी सुरक्षित असते असेही नाही. वाफेचा लोट पाहून तो धूरच समजणारा मनुष्य अग्नीचे अनुमान करतो आणि फसतो, हे उदाहरण तर्कशास्त्रात येते. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये इथल्या जातीजमातींविषयी दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातली कित्येक चित्रे जोडकाम आहेत. माणसांचा गट एका ठिकाणी बसवून टिपलेला आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणलेला, असे दोन्ही एकत्र छापले आहेत. ती माणसे खरी, तो देखावाही खरा, पण ती माणसे त्या जागी उभी होती हे खरे नाही. आज त्या चित्रावरून एखाद्या समाजाची वस्ती अमुक ठिकाणी होती असे कोणी लिहिले, तर वाफेलाच धूर समजल्यासारखे होईल.

आता मूळ प्रश्न. भाट्ट मीमांसक आणि त्यांच्या मागून अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, नावाचे सहावे प्रमाण, ज्ञानाचे सहावे साधन, मानतात. जमिनीवर घट नाही हे ज्ञान मला होते, ते कशाने? डोळ्यांना जमीन दिसते. ‘घटाचे नसणे’ डोळ्यांना कसे दिसणार? म्हणून घट न दिसणे हेच घटाच्या अभावाचे प्रमाण, असे कुमारिल भट्टाच्या, म्हणजे भाट्ट, परंपरेचे म्हणणे. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण मान्य नाही, ते अभावाचेही प्रत्यक्ष मानतात. मीमांसकांतल्याच प्राभाकरांना तर अभाव हा स्वतंत्र पदार्थच मान्य नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती अनुपलब्धीला अनुमानातला एक हेतू मानतो. वाद कडाक्याचा आहे. पण अभाव सिद्ध करायचा म्हटले की एका अटीवर मीमांसक, वेदान्ती, नैयायिक आणि बौद्ध एकत्र येतात, आणि परस्परांचे इतके खंडन करणाऱ्यांचे असे एकमत झाले म्हणूनच मला ते मोलाचे वाटते. न दिसणे प्रमाण ठरते ते वस्तू दिसण्याजोगी असेल तेव्हाच. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, जमीन दिसते आहे, घट असता तर तोही दिसला असता, तरीही दिसत नाही, म्हणून तो नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. वेदान्तपरिभाषेत धर्मराजाध्वरीन्द्र याला योग्यानुपलब्धी म्हणतो आणि पुढे जाऊन सांगतो की धर्म-अधर्मासारख्या गोष्टी मुळातच इंद्रियांना दिसण्याजोग्या नाहीत, तेव्हा त्या दिसत नाहीत म्हणून नाहीत असे म्हणता येत नाही. एखाद्या जुन्या छायाचित्रासमोर उभे राहून ‘इथे अमुक नव्हते’ असे म्हणण्यापूर्वी हाच प्रश्न विचारायचा आहे: ते असते तर या काचेवर, या कोनातून, या हेतूने घेतलेल्या चित्रात दिसले असते काय?

हेतूचा मुद्दा मुद्दामच घातला. काचेच्या मंदपणामुळे जेवढे गळले त्याहून जास्त, चित्र कशासाठी घेतले गेले यामुळे गळले. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज याला वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. विजापूर, बदामी, ऐहोळे इथली त्याची चित्रे वास्तूंच्या इतिहासासाठी अनमोल आहेत. अशा कामात खांबाची उंची कळावी म्हणून त्याच्या शेजारी एखाद्या माणसाला उभे करायची किंवा बसवायची पद्धत असे. त्या माणसाचे नाव कुठे नोंदलेले नसते. तो मोजपट्टीच्या जागी आलेला असतो. चेहरा, पागोटे, गुडघ्यावर ठेवलेले हात, सगळे आपल्याला दिसते आणि तो कोण हे मात्र कळत नाही. तो गावचा गुराखी होता, पुजारी होता की सामान वाहायला आणलेला बिगारी, हे चित्र सांगणार नाही. ज्याने चित्र घेतले त्याला ते हवे नव्हते, एवढेच त्यावरून कळते. अजिंठ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसनच्या १८६४ च्या पुस्तकातून जगापुढे आली. नुसत्या त्या पुस्तकावरून अजिंठ्याचा इतिहास सांगितला तर तो लेण्यांचा आणि एका साहेबाचा इतिहास होईल. पण अजिंठा गावात पारो नावाच्या एका स्त्रीची कबर आहे. मे १८५६ मध्ये ती गेली, हे गिलने तिच्या दगडावर कोरून ठेवले आणि तिला आपली प्रिय म्हटले. पारो अजिंठ्याच्या इतिहासात आहे ती त्या दगडामुळे. कोरलेल्या शब्दाने तिथे जे काम केले ते लेण्यांच्या पुस्तकाचे कामच नव्हते.

इथे शब्दप्रमाण येते. शब्द म्हणजे वेद एवढाच अर्थ घ्यायचे कारण नाही. आप्ताचे वाक्य, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि फसवायचे नाही त्याचे सांगणे, हा नैयायिकांचा अर्थ आपल्याला पुरेसा आहे. १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगची कॅप्टन सी. मॉस यांच्या नावावर असलेली छायाचित्रे पाहा. घरे धुऊन काढणारी पंपाची गाडी, तपासणीला आलेले अधिकारी, इस्पितळाच्या खाटा. व्यवस्था किती कामाला लागली होती, हे त्यातून जरूर दिसते. पण प्लेग समिती जिथे पोचली तिथेच कॅमेरा पोचला. बायकांना तपासताना काय झाले, हे त्या तऱ्हेच्या चित्रांत येणे शक्य नव्हते. त्यासाठी पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला लिहिलेल्या पत्राकडे वळावे लागते. त्याच वर्षी पुण्याजवळ, हडपसरच्या ससाणे यांच्या माळावर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे आपल्याला कळते ते सत्यशोधकांनी जपलेल्या आठवणींमुळे. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्लेगचा इतिहास सरकारी अल्बमांवरूनच मांडला, तर सेवा करणारे सगळे टोपीवाले आणि सेवा घेणारे सगळे मुके, असे चित्र तयार होईल. ते अपुरे तर आहेच, पण ते घडल्या गोष्टीचे स्वरूपच उलटे करते, आणि याचा राग यायला हवा.

इथे दुसरा, पहिल्यापेक्षा गंभीर आक्षेप आहे. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे असे एकदा मान्य केले, तर रिकाम्या रस्त्यात कोणीही कोणालाही उभे करील. प्रत्येक गाव, प्रत्येक जात, प्रत्येक घराणे म्हणेल, आमचे पूर्वज तिथे होते, फक्त काचेवर आले नाहीत. आजच्या दिवसांत ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही, आणि अभिमानाच्या पोटी रचलेला इतिहास आपण रोज वाचतो आहोत. पण योग्यतेची अट दोन्ही बाजूंना बांधते. घट दिसला नाही म्हणून नाही, असे अंधारात म्हणता येत नाही, तसेच अंधार आहे म्हणून घट आहे, असेही म्हणता येत नाही. अयोग्य अनुपलब्धीतून फक्त संशय निघतो, आणि संशय फेडायला दुसरे प्रमाण आणावे लागते. मुंबईच्या रस्त्यावर माणसे होती हे आपण काच मंद होती म्हणून म्हणत नाही. शिरगणती आहे, गोदीचे आणि गिरण्यांचे हिशेब आहेत, म्हणून म्हणतो. सावित्रीबाई माळावर होत्या, कारण सांगणारे होते. जिथे नोंद नाही, आठवण नाही, गाणे नाही, दगड नाही, तिथे ‘माहीत नाही’ एवढेच लिहून पान मोकळे सोडावे. ते लिहायला संशोधकाला धैर्य लागते, कारण वाचकाला मोकळे पान आवडत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. ज्यांनी अनुपलब्धीचे बारकावे काढले त्यांच्याच परंपरेने कित्येकांना पाठशाळेच्या दारातही उभे केले नाही. मग इतिहासातून गळलेल्या माणसांची बाजू मांडायला त्यांचेच शास्त्र वापरावे काय? माझे उत्तर असे की ही अट कोणा एका परंपरेच्या मालकीची नाही. वेदप्रामाण्य नाकारणाऱ्या धर्मकीर्तीनेही ती तितक्याच काटेकोरपणे मांडली आहे. आणि ती प्रामाणिकपणे लावली तर ती पहिल्यांदा त्या पाठशाळांच्याच नोंदींवर लागते. विशिष्ट लोकांचीच नावे नोंदवणाऱ्या बखरीत, दानपत्रात, गुरुपरंपरेत इतरांची नावे नाहीत, म्हणून विद्या फक्त त्याच लोकांची होती, हे अनुमान अंधारातल्या घटासारखेच आहे.

याच ठिकाणी छायाचित्राची दुसरी, उलटी फसगत सांगायला हवी. तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. रिकाम्या रस्त्याचे चित्र असलेली माणसे झाकते. माणसांनी भरलेले चित्र नसलेली माणसे झाकते. समजा, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपाचे १९४७ पूर्वीचे एखादे छायाचित्र आपल्यापुढे आहे. टाळ, पताका, कपाळावर बुक्का, माणसाला माणूस लागलेला. पाहणारा म्हणेल, सारा महाराष्ट्र इथे लोटला आहे. पण साने गुरुजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यात उपोषण केले तोवर त्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना पाऊल टाकता येत नव्हते, आणि चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. हे कुठल्याही काचेवर कितीही वेगाने टिपले तरी दिसणार नाही. चेहऱ्यावरून जात ओळखता येत नाही, तेव्हा त्या गर्दीत कोण नाही हे डोळ्यांना कळणे शक्यच नाही. धर्मराजाध्वरीन्द्राने धर्म-अधर्माबद्दल जे म्हटले ते इथे शब्दशः लागू पडते: अन्याय ही डोळ्यांना दिसण्याजोगी वस्तू नाही. या बाबतीत गर्दीचे चित्र रिकाम्या चित्राहून जास्त फसवे ठरते, कारण रिकामा रस्ता निदान संशय तरी जागा करतो, भरलेला मंडप तोही करत नाही. म्हणून एखाद्या गावाने आपला इतिहास जुन्या फोटोंतून मांडायचे ठरवले, तर फोटो कोणी, कशासाठी, कोणत्या काचेवर घेतला हे खाली लिहावे, आणि जे देऊळ, जी विहीर, जी शाळा चित्रात दिसते तिच्यात तेव्हा कोणाला जाता येत नव्हते, तेही त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. ही माहिती गावात असतेच. जुन्या सत्याग्रहांच्या कागदांत, शाळेच्या दाखल्यांच्या वहीत आणि गावकुसाबाहेर राहिलेल्यांच्या घरी ती विचारली तर मिळते.